मरणारी पेशी हिरवी का चमकते? ‘कर्करोगाच्या पेशी मेल्या’ असं सांगणारे फोटो नेमकं काय दाखवतात?

काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे आणि लाल ठिपके. खाली एक ओळ: ‘या पदार्थाने कर्करोगाच्या पेशी मारल्या, शास्त्रज्ञांनी केलं सिद्ध!’ असे फोटो फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. पदार्थ बदलत राहतो. कधी हळद, कधी लक्ष्मणफळ, कधी गव्हांकुराचा रस, तर कधी कारलं.

हे फोटो बनावटच असतात असं नाही. मरणाऱ्या पेशी शोधून त्यांना चमकवण्याची एक पद्धत खरोखर आहे आणि जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये ती रोज वापरली जाते. अडचण वेगळीच आहे. हिरवा ठिपका एक अगदी मर्यादित गोष्ट सांगतो आणि पोस्ट मात्र त्यातून भलतीच मोठी गोष्ट सांगून मोकळी होते. हा ठिपका कुठून येतो, तो कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, ते समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर:

- मरायला लागलेल्या पेशीच्या आवरणाची आतली बाजू बाहेर येते. ‘ॲनेक्सिन-५’ नावाचं प्रथिन नेमकं तिथेच चिकटतं.
- या प्रथिनाला चमकणारा रंग जोडला की मरणाऱ्या पेशी यंत्राला दिसतात आणि मोजता येतात.
- सोबत दुसरा, लाल रंग वापरल्याशिवाय आणि तुलनेच्या पेशी ठेवल्याशिवाय हिरव्या रंगाला फारसा अर्थ नसतो.
- काचेच्या डिशमध्ये पेशी मेल्या म्हणजे माणसाचा आजार बरा होईल, असं यातून सिद्ध होत नाही.

पेशी मरणं वाईटच असतं का?

नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. आतड्याच्या आतलं अस्तर काही दिवसांतच नवं होतं. आईच्या पोटात बाळाचे हात तयार होताना बोटांमध्ये पातळ पडद्यासारखा भाग असतो. त्यातल्या पेशी ठरलेल्या वेळी मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटीही अशीच नाहीशी होते.

पेशी मुख्यतः दोन पद्धतींनी मरते. भाजलं, चिरडलं गेलं किंवा रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगते आणि फुटते. तिच्यातला ऐवज आजूबाजूला सांडतो आणि तिथे सूज येते. याला नेक्रोसिस म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत पेशी स्वतःच स्वतःला मोडून टाकते. ती आकसते, तिच्यातल्या डीएनएचे तुकडे होतात आणि शेवटी तिच्या लहान लहान पुड्या बनतात. शेजारच्या सफाई करणाऱ्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. सांडलवंड होत नाही, सूज येत नाही. या प्रकाराला अपॉप्टोसिस म्हणतात.

हे नाव १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलास्टर करी या तिघांनी वापरात आणलं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात ग्रीक शिकवणारे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी तो शब्द सुचवला होता. झाडावरून पानं किंवा फुलावरून पाकळ्या गळून पडणं, असा त्याचा मूळ अर्थ. थोडक्यात, पेशींची पानगळ.

ही पानगळ योगायोगाने होत नाही, हे एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीने दाखवून दिलं. ‘सी. एलेगन्स’ असं त्याचं नाव. त्याच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मरतात. दर वेळी त्याच १३१. मरण घडवून आणणारी जनुकंच असतात, हे या कामातून कळलं. त्यासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कर्करोगाशी याचा संबंध सरळ आहे. बिघडलेल्या पेशीने खरं तर स्वतःला संपवायला हवं. कर्करोगाच्या पेशी ती आज्ञा टाळायला शिकलेल्या असतात. त्यामुळे एखाद्या नव्या औषधाने त्या पुन्हा स्वतःला संपवू लागतात का, हे तपासणं औषध संशोधनातलं रोजचं काम आहे. त्यासाठी आधी मरणारी पेशी ओळखता यायला हवी.

मेलेली पेशी ओळखणं सोपं, मरायला लागलेली ओळखणं अवघड

पूर्ण मेलेली पेशी ओळखायची जुनी पद्धत म्हणजे ट्रिपॅन ब्लू नावाचा निळा रंग. जिवंत पेशीचं आवरण हा रंग आत येऊ देत नाही. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं, म्हणून ती निळी होते. ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, त्यामुळे आजही वापरली जाते. पण ती फक्त शेवट सांगते. पेशी कशी मेली, ते कळत नाही. जी पेशी आता मरणाच्या वाटेला लागली आहे पण जिचं आवरण अजून शाबूत आहे, ती या चाचणीत जिवंतच दिसते.

डीएनएचे तुकडे मोजण्याची पद्धतही होती. त्यासाठी असंख्य पेशी एकत्र फोडाव्या लागतात. त्यातून ‘या गर्दीत कोणीतरी मरतंय’ एवढं कळतं, पण नेमक्या कोणत्या आणि किती पेशी, ते कळत नाही. संशोधकांना हवी होती ती पेशीच्या बाहेरच्या बाजूला, लवकर दिसणारी एखादी खूण.

शर्टाची आतली शिवण बाहेर येते तेव्हा

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाच्या रेणूंचं दोन थरांचं आवरण असतं. हे दोन थर सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरिन, थोडक्यात पीएस, नावाचे रेणू जिवंत पेशीत जवळजवळ फक्त आतल्या थरात असतात. ते बाहेर गेले की खास प्रथिनं त्यांना पुन्हा आत ओढतात. या कामाला पेशी सतत ऊर्जा खर्च करते.

अपॉप्टोसिस सुरू झाला की कॅस्पेज नावाची कात्रीसारखी प्रथिनं कामाला लागतात. पीएसला आत ओढणारं प्रथिन ती कापून निकामी करतात. आवरणाच्या दोन्ही थरांतल्या रेणूंची सरमिसळ करणारं दुसरं प्रथिन मात्र त्यांच्या कापण्याने जागं होतं. जपानमधले शिगेकाझु नागाता यांच्या गटाने २०१३ आणि २०१४ साली ही दोन्ही प्रथिनं दाखवून दिली. परिणाम असा होतो की पीएस मोठ्या प्रमाणात बाहेरच्या थरात येतं.

शर्ट उलटा घातला की आतली शिवण बाहेर दिसते, तसंच हे. सफाई करणाऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, ही शिवण ओळखतात आणि त्या पेशीला गिळतात. बाहेर आलेलं पीएस ही त्यांच्यासाठी ‘मला उचला’ अशी खूण असते, हे अमेरिकेतल्या व्हॅलेरी फॅडोक आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवलं. मॅक्रोफेजला जी खूण दिसते तीच माणसाला दिसली तर काम झालं. तिथे ॲनेक्सिन-५ उपयोगी पडलं.

नाळेत सापडलेलं प्रथिन

ॲनेक्सिन-५ शोधताना पेशींचं मरण कोणाच्या मनातही नव्हतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे ख्रिस रॉयटेलिंग्सपर्गर आणि सहकारी रक्त गोठण्याचा अभ्यास करत होते. १९८५ साली त्यांनी मानवी नाळेतल्या रक्तवाहिन्यांमधून रक्त गोठू न देणारं एक प्रथिन वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. तेच पुढे ॲनेक्सिन-५ म्हणून ओळखलं गेलं.

हे प्रथिन रक्त गोठू का देत नाही, यातच पुढच्या वापराचं बीज होतं. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स आपल्या पृष्ठभागावर पीएस बाहेर काढतात. रक्त गोठवणारे घटक त्यावर बसून काम करतात. ॲनेक्सिन-५ त्या पीएसला घट्ट चिकटून जागा अडवतं. चिकटण्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं.

पीएसला इतकं नेमकं चिकटणारं प्रथिन हाताशी असल्यावर पुढचा विचार साहजिक होता. १९९४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ॲनेक्सिन-५ ला चमकणारा रंग जोडला आणि अपॉप्टोसिसने मरणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याने वेगळ्या ओळखता येतात हे दाखवलं. पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला लाल रंग वापरण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आज प्रयोगशाळांमध्ये जो तयार किट मिळतो, त्याचा गाभा हाच आहे.

प्रथिन चमकतं कसं?

ॲनेक्सिन-५ स्वतः चमकत नाही. त्याला फ्लुरोसंट रंग जोडावा लागतो. फ्लुरोसंट म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणारा पदार्थ. हायलाइटर पेनची शाई जशी भडक दिसते, त्यामागे हेच तत्त्व आहे. ॲनेक्सिनसोबत सर्वाधिक वापरला जाणारा रंग आहे एफआयटीसी. त्यावर निळा लेसर पडला की तो हिरवा चमकतो.

दुसरा मार्ग म्हणजे मुळातच चमकणारं प्रथिन जोडणं. जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं एक प्रथिन असतं, त्याला जीएफपी म्हणतात. ओसामू शिमोमुरा यांनी ते १९६२ साली वेगळं केलं. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली त्याचं जनुक दुसऱ्या जिवात घालून तो जीव चमकवून दाखवला. त्यासाठी त्यांनी जिवाणू आणि तोच सी. एलेगन्स कृमी वापरला होता. रॉजर चेन यांनी त्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या आवृत्त्या बनवल्या. या तिघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ॲनेक्सिन-५ आणि अशा चमकणाऱ्या प्रथिनाची जनुकं जोडली की दोन्ही मिळून एकच प्रथिन तयार होतं. वेगळा रंग लावायची गरज राहत नाही. झेब्राफिश या लहान माशाची पिल्लं पारदर्शक असतात. अशा माशांच्या शरीरातच चमकणारं ॲनेक्सिन तयार होईल अशी सोय करून, जिवंत पिल्लात कोणती पेशी केव्हा मरते हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं आहे.

लाल रंग कशासाठी?

इथे पुन्हा शर्टाचं उदाहरण घेऊ. शर्ट उलटा घातला तर आतली शिवण दिसते. पण शर्ट फाटला तरीही ती दिसतेच. पेशीचंही तसंच आहे. चिरडून फुटलेल्या पेशीच्या आत ॲनेक्सिन शिरतं, आतल्या बाजूच्या पीएसला चिकटतं आणि तीही हिरवी चमकते. त्यामुळे फक्त हिरवा रंग पाहून पेशी अपॉप्टोसिसच्या वाटेवर आहे की नुसती फाटली आहे, ते सांगता येत नाही.

म्हणून सोबत प्रोपिडियम आयोडाइड, म्हणजे पीआय, हा लाल रंग घालतात. तो डीएनएला चिकटतो, पण शाबूत आवरणातून आत जाऊ शकत नाही. पेशी लाल झाली याचा अर्थ तिचं आवरण फाटलं आहे. दोन रंगांतून चार शक्यता तयार होतात:

- हिरवी नाही, लाल नाही: पेशी जिवंत आहे.
- हिरवी आहे, लाल नाही: आतली शिवण बाहेर आली आहे, पण आवरण शाबूत आहे. हा अपॉप्टोसिसचा सुरुवातीचा टप्पा मानला जातो.
- हिरवीही आहे, लालही आहे: आवरण फाटलं आहे. पेशी मेली आहे, पण कशी, ते एवढ्यावरून सांगता येत नाही.
- फक्त लाल: बहुतेक वेळा इजा झालेली किंवा आवरण गमावून बसलेली पेशी.

तिसरी शक्यता महत्त्वाची आहे. शरीरात मरणारी पेशी फुटण्याआधीच मॅक्रोफेज तिला गिळतात. काचेच्या डिशमध्ये असं सफाई करणारं कोणी नसतं. त्यामुळे अपॉप्टोसिसने मरणारी पेशीही काही तासांनी फुटते आणि ‘हिरवी अधिक लाल’ दिसते. चिरडून मेलेली पेशीही तशीच दिसते. एकाच वेळी काढलेल्या एका फोटोवरून या दोघींतला फरक कळत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगात दोन, सहा, बारा, चोवीस तास अशा वेगवेगळ्या वेळी मोजणी केली जाते. आधी फक्त हिरव्या पेशी वाढल्या आणि नंतर दोन्ही रंगांच्या वाढल्या, तर अपॉप्टोसिसचा अंदाज पक्का होत जातो.

मोजणी कशी होते?

पेशी कॅल्शियम असलेल्या द्रवात घेतल्या जातात. त्यात दोन्ही रंग घालून नळी साधारण १५ मिनिटं अंधारात ठेवतात, कारण उजेडात रंगाची चमक कमी होते. त्यानंतर तासाभराच्या आत मोजणी करायची असते.

मोजणी करणाऱ्या यंत्राला फ्लो सायटोमीटर म्हणतात. त्यात पेशी एका अरुंद प्रवाहातून एकामागून एक जातात आणि प्रत्येकीवर लेसरचा प्रकाश पडतो. ती किती हिरवी आणि किती लाल चमकली, याची नोंद होते. यंत्र सेकंदाला हजारो पेशी पाहू शकतं. एका नमुन्यात साधारण १०,००० पेशींची नोंद करणं ही नेहमीची गोष्ट आहे. पडद्यावर ठिपक्यांचा आलेख येतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी. आलेखाचे चार कप्पे म्हणजे वर सांगितलेल्या चार शक्यता.

पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा स्मारक केंद्राचं ‘ॲक्ट्रेक’ या संस्थांमध्ये अशी यंत्रं आहेत. पुण्याच्या केंद्रात पेशींचं राष्ट्रीय भांडारही आहे. संशोधनासाठी लागणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशी तिथून देशभरातल्या संस्थांना दिल्या जातात.

सोशल मीडियावर फिरतात ते मात्र आलेख नसतात, सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो असतात, कारण ते देखणे दिसतात. त्या फोटोंबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. अशा सूक्ष्मदर्शकांचे कॅमेरे अनेकदा कृष्णधवल असतात. फोटोतला हिरवा किंवा लाल रंग नंतर संगणकावर दिलेला असतो आणि चमक किती दाखवायची तेही तिथेच ठरतं. यात फसवणूक नाही, ती मान्य पद्धत आहे. पण फोटो किती भडक दिसतो यावरून किती पेशी मेल्या हे ठरवता येत नाही. त्यासाठी आकडेच लागतात.

फसगत कुठे होते?

पद्धत सोपी वाटली तरी तिच्यात चुकायला बऱ्याच जागा आहेत.

कॅल्शियम: द्रवात कॅल्शियम नसेल किंवा ते शोषून घेणारा ईडीटीए हा पदार्थ उरला असेल, तर ॲनेक्सिन चिकटतच नाही. पेशी मरत असतात आणि चाचणी म्हणते, सगळं ठीक आहे.

खरवडणं: अनेक पेशी डिशच्या तळाला चिकटून वाढतात. त्या जोरात खरवडल्या किंवा त्यांना सोडवणारं रसायन जास्त वेळ ठेवलं, तर आवरणाला इजा होते. मग औषध न दिलेल्या पेशीही मरणासन्न दिसतात.

तरंगणाऱ्या पेशी: मरणारी पेशी तळ सोडून वर तरंगते. वरचा द्रव ओतून टाकला तर मेलेल्या पेशी मोजणीआधीच सिंकमध्ये जातात आणि औषध निष्प्रभ वाटतं.

पीएस म्हणजे मरणच नाही: प्लेटलेट्स आपलं नेहमीचं काम करतानाही पीएस बाहेर काढतात. पेशींच्या मरणाच्या इतर काही प्रकारांतही पीएस बाहेर येतं. म्हणजे हिरवा रंग ही पीएसची खूण आहे, अपॉप्टोसिसचं प्रमाणपत्र नाही.

पदार्थच चमकणारा निघाला तर: ही जागा सगळ्यात रंजक आहे. हळदीतला कुरकुमिन हा घटक स्वतःच फ्लुरोसंट आहे. निळ्या प्रकाशात तो हिरवट चमकतो आणि ही चमक एफआयटीसीच्याच पट्ट्यात येते. कुरकुमिन दिलेली पेशी ॲनेक्सिन न घालताही यंत्राला हिरवी दिसू शकते. डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या प्रसिद्ध औषधाची अडचण उलट बाजूची आहे. ते लालसर चमकतं आणि पीआयच्या रंगात मिसळतं.

यावर उपाय आहेत. पदार्थ दिला आहे पण रंग घातलेला नाही, असा एक नमुना ठेवायचा आणि त्याची चमक वजा धरायची. किंवा वेगळ्या पट्ट्यात चमकणारा रंग जोडलेलं ॲनेक्सिन वापरायचं. हे केलं आहे की नाही, ते शोधनिबंधात लिहिलेलं असतं. पोस्टमध्ये नसतं.

तुलनेशिवाय आकडा मुका

डिशमधल्या पेशी औषधाशिवायही थोड्याफार मरतच असतात. समजा, काहीही न दिलेल्या १०० पेशींपैकी ८ हिरव्या आहेत आणि औषध दिलेल्या १०० पैकी ४० हिरव्या आहेत. मग औषधाचा वाटा ४० नव्हे, तर ३२ चा. काहीही न दिलेल्या पेशींतच ३५ हिरव्या असतील, तर तोच ४० चा आकडा फारसं काही सांगत नाही.

म्हणून प्रत्येक प्रयोगात काही नमुने फक्त तुलनेसाठी असतात. काहीही न दिलेल्या पेशी, औषध ज्यात विरघळवलं तो द्रव तेवढाच दिलेल्या पेशी, एकच रंग घातलेल्या पेशी आणि मरण घडवतं हे आधीपासून माहीत असलेलं रसायन दिलेल्या पेशी. शेवटच्या नमुन्यासाठी स्टॉरोस्पोरिन हे रसायन अनेकदा वापरलं जातं. त्या नमुन्यातही पेशी हिरव्या झाल्या नाहीत, तर चाचणीच बिघडली आहे असं समजायचं.

एवढ्यावरही ॲनेक्सिनची साक्ष एकटीने पुरेशी धरत नाहीत. पेशींच्या मरणाच्या व्याख्या ठरवणारी संशोधकांची आंतरराष्ट्रीय समिती एकाहून अधिक पद्धतींनी खात्री करायला सांगते. कॅस्पेज कामाला लागले आहेत का, डीएनएचे तुकडे झाले आहेत का, कॅस्पेज अडवणारं रसायन दिल्यावर मरण थांबतं का, हे वेगळं तपासलं जातं. दोन-तीन स्वतंत्र साक्षी जुळल्या तरच अपॉप्टोसिस हा शब्द ठामपणे वापरता येतो.

डिशपासून रुग्णापर्यंतचं अंतर

आता मूळ प्रश्नाकडे. समजा, सगळी काळजी घेऊन केलेल्या प्रयोगात एखाद्या पदार्थाने कर्करोगाच्या पेशी खरोखर मेल्या. तरी सिद्ध काय झालं? एवढंच, की त्या जातीच्या पेशी, तेवढ्या मात्रेत, तेवढ्या तासांत, डिशमध्ये मेल्या.

डिशमध्ये पेशी मारणं अवघड नसतं. साबणाचं पाणी, ब्लीच किंवा भरपूर मीठ घातलं तरी त्या मरतात. औषधाला त्यापेक्षा खूप जास्त काही जमावं लागतं. पोटातून रक्तात पोहोचणं, यकृतातून टिकून पुढे जाणं, गाठीपर्यंत पुरेशा प्रमाणात जाणं आणि वाटेतल्या निरोगी पेशींना कमीत कमी इजा करणं.

कुरकुमिन नेमकं इथेच अडकतं. डिशमध्ये ते पेशींवर थेट आणि भरपूर ओतलं जातं. खाल्लेली हळद मात्र आतड्यातून फारच कमी शोषली जाते आणि जी रक्तात जाते तिचंही लवकर रूपांतर होतं. २०१७ साली अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये कुरकुमिनवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. वेगवेगळ्या आजारांसाठी तोवर कुरकुमिनच्या १२० हून अधिक चाचण्या माणसांवर झाल्या होत्या. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कोणाला खरं औषध दिलं हे माहीत नसतं, अशा कडक पद्धतीच्या एकाही चाचणीत ते यशस्वी ठरलं नव्हतं, असं त्यांनी नोंदवलं. कुरकुमिनची स्वतःची चमक प्रयोगांमध्ये गोंधळ घालते, हेही त्यांनी सांगितलं. भाजीतली हळद वाईट आहे असा याचा अर्थ नाही. कर्करोगावरचं औषध म्हणून तिचा पुरावा उभा राहिलेला नाही, एवढाच आहे.

दुसऱ्या बाजूला, मरणाचं हेच विज्ञान खऱ्या औषधापर्यंत पोहोचल्याचंही उदाहरण आहे. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला मरण्यापासून वाचवतं, हे ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड वॉ आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवलं. काही रक्तकर्करोगांत हे प्रथिन प्रमाणाबाहेर असतं. त्याला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ साली एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी मंजूर झालं. शोध ते मंजुरी यांत २८ वर्षं गेली. त्यात पेशींवरचे प्रयोग, प्राण्यांवरचे प्रयोग आणि मग रुग्णांवरच्या टप्प्याटप्प्याच्या चाचण्या आल्या. पेशी मोजणं ही त्या वाटेवरची एक सुरुवातीची पायरी असते.

डोळ्यात चमकणाऱ्या पेशी

ही पद्धत प्रयोगशाळेबाहेरही निघाली आहे. काचबिंदूमध्ये डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशी हळूहळू मरतात. नजर कमी झाल्याचं रुग्णाला कळतं तोवर बऱ्याच पेशी गेलेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फ्रान्सिस्का कॉर्डेरो यांच्या गटाने चमकणारा रंग जोडलेलं ॲनेक्सिन-५ शिरेतून देऊन डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. मरणाऱ्या पेशी पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसल्या.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या पहिल्या मानवी चाचणीत ८ निरोगी आणि ८ काचबिंदूचे, असे १६ जण होते. रुग्णांमध्ये ठिपके जास्त दिसले. अशा लहान चाचणीचा मुख्य हेतू पद्धत सुरक्षित आहे का हे पाहण्याचा असतो. पण दृष्टी जाण्याआधी पेशींचं मरण दिसू शकतं, ही कल्पना माणसात तपासता येते, एवढं त्यातून पुढे आलं.

असा फोटो किंवा बातमी समोर आली तर काय पाहावं?

- प्रयोग कशावर झाला? डिशमधल्या पेशी, उंदीर की माणसं? ‘पेशींवर’ असं लिहिलं असेल तर रुग्णांसाठी अजून काहीही ठरलेलं नाही.
- तुलना होती का? काहीही न दिलेल्या पेशींचा आकडा दिला आहे का? निरोगी पेशींवर काय परिणाम झाला?
- मात्रा किती होती? तेवढी मात्रा खाऊन रक्तात पोहोचू शकते का?
- फक्त ॲनेक्सिनचा हिरवा रंग दाखवला आहे, की आणखी एखाद्या पद्धतीने खात्री केली आहे?
- पदार्थ स्वतः रंगीत किंवा चमकणारा आहे का? असेल तर त्याची चमक वेगळी काढली आहे का?
- पोस्ट काही विकते आहे का? कॅप्सूल, रस, पावडर, ‘कोर्स’?

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं पोस्टमध्ये नसतील, तर फोटो खरा असूनही दावा पोकळ असू शकतो. तो पुढे ढकलण्याचा तोटा लाइकपुरता राहत नाही. कर्करोगात उपचार लवकर सुरू होणं आणि ते मध्येच न थांबणं फार महत्त्वाचं असतं. घरातल्या रुग्णाने अशा पोस्टवर विसंबून औषध थांबवायचं ठरवलं, तर आधी ती पोस्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. हिरवा ठिपका पेशीबद्दल बोलतो, रुग्णाबद्दल नाही.